शूटिंगसाठी गाडी मागायला येणाऱ्यांपासून सावध राहा : माझी सॅन स्टॉर्म अशी गेली

हे लिहायला मला नऊ महिने लागले. घरात बायको, भाऊ आणि वकील सोडून कुणाला पूर्ण गोष्ट माहीत नव्हती. फौंड्रीतल्या पोरांना मी "गाडी कामाला दिलीय" एवढंच सांगत होतो. पण परवा साताऱ्याच्या एका जुन्या गाडीवाल्याचा फोन आला. त्याच्याकडेही असाच एक जण शूटिंगसाठी गाडी मागायला आला होता, बोलणंही तसंच होतं. म्हणून आता लाज बाजूला ठेवून सगळं लिहितोय, आकड्यांसकट.

माझी गाडी सॅन स्टॉर्म. बहुतेकांना नाव माहीत नसतं, म्हणून सांगतो. दोन सीटची, टप उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार. १९९८ च्या सुमारास सॅन मोटर्सनं गोव्यात ती बनवायला सुरुवात केली. इंजिन रेनॉ क्लिओचं, ११४९ सीसीचं. बॉडी पूर्ण फायबरची. फार खपली नाही, त्यामुळे आता रस्त्यावर दिसणं कठीणच. माझी २००० सालची. २०१३ मध्ये पणजीतून २,१०,००० रुपयांना घेतली, तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला (एनओसी) आणून कोल्हापूरचं पासिंग केलं आणि पुढच्या काही वर्षांत तिच्यावर ३,४६,००० रुपये घातले. टप नवा शिवला. डेंटरला फायबरचं काम जमत नाही, म्हणून बोटी दुरुस्त करणारा माणूस मालवणहून बोलावला. गिअरची मूठ माझ्याच फौंड्रीत पितळेची ओतली.

अशी गाडी बाहेर काढली की माणसं थांबणारच. पेट्रोल पंपावर "इम्पोर्टेड काय ओ?" आणि लगेच "अ‍ॅव्हरेज किती देती?" रंकाळ्यावर कॉलेजची पोरं फोटो काढतात. एका नवरदेवाच्या बापानं वरातीसाठी मागितली, एका नेत्याच्या माणसानं मिरवणुकीला. मी सगळ्यांना नाही म्हणालो. हे मुद्दाम सांगतोय, कारण आता जो तो मला म्हणतो, "तू कुणालाही गाडी देतोस काय?" अकरा वर्षांत मी ती सख्ख्या भावालाही चालवायला दिली नव्हती.

ऑक्टोबर २०२४ मधली रविवारची सकाळ. रंकाळ्याच्या कठड्याशी गाडी लावून चहा घेत होतो. पस्तिशीचा, स्वच्छ कपड्यांतला, पुण्याकडच्या बोलीचा एक माणूस आला आणि म्हणाला, "सर, सॅन स्टॉर्म ना? क्लिओचं इंजिन?" अकरा वर्षांत गाडी नावानं ओळखणारा हा पहिला अनोळखी माणूस. त्याचे काका म्हणे गोव्याच्या त्या कारखान्यात सुपरवायझर होते, लहानपणी तो असेंब्ली लाइनवर हिंडलाय. मी त्याला दोन कप चहा पाजला. तास-दीड तास बोललो. त्याच्या बोलण्यातली सगळी माहिती नेटवर दहा मिनिटांत मिळते, हे मला नंतर सुचलं.

चार दिवसांनी फोन आला. एक वेबसिरीज, १९९९-२००० चा गोवा, नायकाची गाडी म्हणून हीच हवी, दुसरी चालणारच नाही. शूटिंग आंबोली आणि सावंतवाडीकडे, पाच दिवस, दिवसाला १२,००० रुपये, एकूण ६०,०००. आमच्या कोल्हापूरला शूटिंगचं अप्रूप नाही. चित्रनगरी इथेच आहे, दर दोन-चार घरांमागं कुणीतरी सेटवर काम केलेलं असतं. त्यामुळे मला यात वावगं काही वाटलं नाही. त्यानं ५,००० रुपये टोकन लगेच पाठवले, नंतर २०,००० अ‍ॅडव्हान्स. पैसे माझ्या खात्यात आले होते! फसवणारा पैसे मागतो, देत नाही, हेच माझ्या डोक्यात पक्कं होतं. तुमच्याही असेल तर ते आज काढून टाका. त्या २५,००० नं माझं तोंड बंद झालं आणि पुढे पोलिसांनी तेच २५,००० माझ्या तोंडावर मारले.

मग मागणं सुरू झालं. शूटिंगच्या विम्याची अनामत ३८,५००, भाड्याबरोबर परत मिळणार. गाडीमालकाचं संघटनेचं कार्ड ११,८००. फ्लॅटबेडच्या, म्हणजे गाडी वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकच्या, खर्चाचा माझा अर्धा वाटा ११,०००. एकूण ६१,३०० रुपये मी तीन वेळा यूपीआयनं पाठवले. अनामत जास्त वाटली तेव्हा मी विचारलं होतं. तो म्हणाला, "सर, तुमची गाडी आमच्यासाठी करोडची आहे, विमा तसाच लागणार." माझ्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा होता. या वयाच्या गाडीला फुल विमा द्यायला कंपन्या का-कू करतात, हे जुन्या गाडीवाल्यांना सांगायला नको. कुणीतरी पूर्ण विमा काढतोय, याचं मला बरंच वाटलं. आणि हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं दिली की फुल विमा असला तरी कंपनी हात वर करू शकते. शिवाय गाडी आपण राजीखुशीनं दिलेली असते, ती 'चोरी' धरत नाहीत.

१४ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी सात वाजता फ्लॅटबेड दारात. सोबत तो, दोन पोरं आणि चौदा पानांचा करार, सगळा इंग्रजीत, जिथे सही हवी तिथे पिवळ्या चिठ्ठ्या. त्या पानांत फॉर्म २९ आणि दोन फॉर्म ३० होते. हो, मालकी हस्तांतराचे. मी ते फॉर्म ओळखतो, आयुष्यात चार गाड्या विकल्यात. पण त्या सकाळी भट्टी चालू होती, मोबाइल वाजत होता, तो शेजारी उभा राहून "इथे, सर, आणि इथे" म्हणत पान उलटत होता. मी सह्या केल्या.

नंतर मूळ आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, मागितली. मी झेरॉक्स पुढे केली. तो म्हणाला, "सर, आचारसंहिता आहे, जागोजागी नाकाबंदी, ट्रकवर गाडी बघून अडवतील." आणि ते खरंच होतं, वीस तारखेला विधानसभेचं मतदान होतं. नाक्या-नाक्यावर गाड्या तपासत होते, मी स्वतः आदल्या दिवशी शिरोलीत अडकलो होतो. खरी गोष्ट पुढे करून खोटं खपवलं त्यानं. आरसी डिजिलॉकरमधली चालते, २०१८ पासून चालते. मूळ कार्ड कुणालाही, कसल्याही कारणासाठी, हातात देऊ नका.

आता तो क्षण, ज्याच्यामुळे मला अजून रात्री झोप लागत नाही.

गाडी फ्लॅटबेडवर चढली. त्यातल्या एका पोरानं 'ऑन शूट' लिहिलेली पाटी काढली, मागे चुंबक असलेली, आणि दारावर लावली. ती घसरून खाली पडली. त्यानं पुन्हा लावली, पुन्हा पडली. मग हा आमचा जाणकार पुढे झाला, त्यानं पाटी घेऊन बोनेटवर दाबून बघितली, आणि पोराला म्हणाला, "अरे, चुंबक खराब आहे, दुसरं आण."

चुंबक खराब आहे! ज्याचे काका त्या कारखान्यात सुपरवायझर, जो असेंब्ली लाइनवर वाढला, त्याला गाडी फायबरची आहे हे माहीत नाही? सॅन स्टॉर्मबद्दल माणसाला एकच गोष्ट माहीत असेल, तर ती हीच असते. आणि मी कोण? मी फौंड्रीवाला. स्क्रॅपच्या ढिगात रोज चुंबक फिरवून लोखंड कुठलं आणि बाकी काय ते वेगळं काढतो. वीस वर्षं तेच करतोय. मी तिथे दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मला हसू आलं आणि मी त्याला समजावून सांगितलं, "अहो, फायबर आहे ना, कसं चिकटेल." तो म्हणाला, "हो हो, विसरलोच." आणि मी पुढे होऊन पाटी चिकटपट्टीनं लावून दिली. स्वतःच्या हातानं. फ्लॅटबेड तेव्हा बंद होता, किल्ली माझ्या पोरानं हातात धरली होती. "गाडी उतरवा" एवढं म्हणायचं होतं.

तीन दिवस फोन उचलत होता, फोटोही पाठवले, घाटातले, धुक्यातले. ते फोटो त्यानं माझ्याच जुन्या पोस्टमधून उचलले होते. १९ तारखेला गाडी यायची होती. आली नाही. फोन बंद. करारावरचा पत्ता मुंबईतल्या एका झेरॉक्सच्या दुकानाचा निघाला.

२० तारखेला सकाळी पोलीस ठाण्यात गेलो. मतदानाचा दिवस, सगळे बंदोबस्ताला. "निकालानंतर या." निकाल २३ ला. २५ ला गेलो. तिथल्या साहेबांनी करार चाळला आणि म्हणाले, "तुम्हीच गाडी दिलीय, तुम्हीच सह्या केल्यात, पंचवीस हजार घेतलेत. हा दिवाणी मामला आहे." मी म्हटलं, साहेब, ६१,३०० मी दिलेत. "मग व्यवहारच झाला की." शूटिंग आंबोलीला होतं म्हणून मला घाटाकडच्या ठाण्यात पाठवलं. तिथे दिवसभर बसवून संध्याकाळी सांगितलं, गाडी कोल्हापुरातून गेली, गुन्हा कोल्हापूरचा. हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो, झिरो एफआयआर म्हणतात त्याला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. हे मला त्या दिवशी माहीत असतं, तर मी तिथून उठलोच नसतो. तुम्ही उठू नका. तक्रार लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. माझ्या पहिल्या अर्जाला पोच नव्हती. पुढे "असा अर्ज आलाच नाही" हे उत्तर मी ऐकलंय.

पैशांसाठी १९३० वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला, तोही सहा दिवसांनी. तोवर खातं रिकामं. हा फोन पहिल्या तासाभरात करायचा असतो.

आरटीओत गेलो, गाडी ब्लॉक करा, मालकी बदलू देऊ नका म्हणून. खिडकीवर उत्तर, "एफआयआरची प्रत आणा." ठाण्यात सांगितलं, तर "आधी चौकशी, मग एफआयआर." चौकशी किती दिवस? उत्तर नाही. कायद्यात अशा प्राथमिक चौकशीला चौदा दिवस दिलेत. शेवटी वकिलांनी सांगितल्यावर ९ डिसेंबरला पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवला. ३ जानेवारी २०२५ ला गुन्हा नोंदला, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) (फसवणूक) आणि ३१६ (विश्वासघात) खाली. पहिल्यांदा पायरी चढलो त्याला ४४ दिवस झाले होते. त्या ४४ दिवसांत गाडी राज्याबाहेर गेली, विकली गेली. मी टॅक्स भरतो, चाळीस माणसांचे पगार करतो, आयुष्यात पहिल्यांदा ठाण्याची पायरी चढलो होतो, आणि मला बाकावर असं बसवलं जसा मीच काही करून आलोय. एक हवालदार दुसऱ्याला म्हणाला, "हौस लई महाग पडली साहेबांना." मला ऐकू येईल अशा आवाजात.

गाडी शोधली ती पोलिसांनी नाही. फेब्रुवारीत हुबळीच्या एका मेकॅनिकनं ओळखीतल्या ग्रुपवर फोटो टाकला, ह्या गाडीची क्लच प्लेट कुठे मिळेल म्हणून. फोटोत गिअरची पितळी मूठ होती. माझी. रंग बदलला होता, नंबर प्लेट काढली होती, मूठ तशीच होती. सध्याच्या मालकानं ती ४,४०,००० रुपयांना घेतलेली, माझ्या सहीचे २९ आणि ३० फॉर्म बघून. तो माणूसही फसलाय, मला त्याच्यावर राग नाही. पण मूळ कागद हाती नसताना किंवा कोल्हापूरची एनओसी न बघता दुसऱ्या राज्यातली गाडी घेणाऱ्यांनीही थोडा विचार करावा.

१ मार्चला गाडी जप्त होऊन इथे आली. मला वाटलं, संपलं. पण आता ती 'मुद्देमाल' आहे, म्हणजे खटल्यातला पुरावा. सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायच्या हमीवर, मिळावी म्हणून कोर्टात अर्ज केला, तर मालकीसाठी मूळ आरसी मागितली. आरसी आरोपीकडे, आरोपी फरार. डुप्लिकेट आरसीसाठी आरटीओला पोलिसांचा दाखला हवा, दाखल्यासाठी ठाण्यात तपास अधिकारी हवेत, ते रजेवर, मग बदली, मग नवे आले त्यांनी फाइलच बघितलेली नाही. हुबळीच्या खरेदीदारानंही हरकत घेतलीय. जप्त गाड्या ठाण्यात सडवत ठेवू नका, असं सुप्रीम कोर्टानं सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ सालीच सांगितलंय. वकिलांनी ते अर्जात लिहिलंय. वकिलांची फी आतापर्यंत ३५,०००.

साडेपाच महिने गाडी ठाण्यामागच्या उघड्या मैदानात आहे. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. मी स्वतःच्या पैशानं ताडपत्री नेली, ती बांधू दिली नाही, "पंचनाम्यात ताडपत्री नाही" म्हणून. टप फाटलाय, सीटवर पाणी साचलंय, फायबरला पुढच्या चाकावर चीर गेलीय.

गेल्या सोमवारी बघायला गेलो. दुसऱ्या कुठल्यातरी कामाला आलेला एक पोरगा बोनेटवर बसून मित्राकडून फोटो काढून घेत होता. मी म्हटलं, उतर बाबा, फायबर आहे, फुटेल. तो लगेच उतरला, सॉरी म्हणाला, आणि मग विचारलं, "काका, इम्पोर्टेड हाय काय? कुणाची हाय?"

पुढची तारीख ११ सप्टेंबर.