गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली २५ किलोमीटरची शर्यत: चालत की धावत?

सत्तरी-सांगे या गोव्यातल्या डोंगराळ तालुक्यांच्या वाटांवर सपाटीचं गणित चालत नाही. चालणारा तासाला साधारण साडेतीन किलोमीटर धरतो, म्हणजे सात तास. सकाळी सहाला निघालात तर शेवटचे दोन तास सड्यावरच्या (जांभ्या दगडाच्या पठारावरच्या) उघड्या उन्हात जातात. धावणारा चार तासांत, दहाच्या आसपास सुटतो. ही त्याची मोठी जमेची बाजू.

पण दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे धावणाऱ्याचं अंग लवकर तापतं. त्याने तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोटाघोटाने प्यावं, सोबत मीठही हवं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच मिसळा. कमी पाण्यात घट्ट केलं तर पोट बिघडतं. चालणाऱ्याची चूक उलटी असते. निवांत वेळ मिळतो म्हणून तहान नसतानाही तो नुसतं पाणी पीत राहतो आणि रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळ ही त्याचीच लक्षणं.

जांभ्या दगडावर पावसाळ्यात शेवाळ धरतं. तिथे धावणाऱ्यानेही चालावं, पावलं आखूड टाकावीत. कोरड्या दिवसांत सुटी खडी उतारावर घसरवते. चालणाऱ्याला काठ्यांचा आधार घेता येतो, गुडघे वाचतात. फोड मात्र त्यालाही येऊ शकतात, कारण ओले मोजे तासन्‌तास पायात राहतात. मोज्यांचा सुका जोड पिशवीत हवाच.

शर्यतीत पहिल्यांदाच भाग घेणाऱ्याने चालावं, पण आधी आयोजकांकडे शर्यत पूर्ण करायची वेळमर्यादा विचारून घ्यावी. सहा तासांची असेल तर नुसतं चालून भागणार नाही. सपाटीवर हलकं धावावंच लागेल.