ल्युसर्नचा बुर्बाकी पॅनोरमा: तिकीट काढून पाहावी अशी तटस्थता

ल्युसर्नला गेलेली टूरची बस सिंहाच्या स्मारकापाशी थांबतेच. फोटो झाले, चॉकलेटं झाली की मंडळी टिटलिसच्या वाटेला लागतात. तिथून चालत दोन मिनिटांवर, लोवेनप्लात्झ चौकात बुर्बाकी पॅनोरमा, म्हणजे गोल दालनाच्या भिंतीभर पसरलेलं युद्धाचं भलंमोठं चित्र आहे. स्वित्झर्लंड कुठल्याच लष्करी गटात का शिरत नाही, हे समजून घ्यायचं तर याहून नेमकी जागा नाही. मात्र सिंह आधी बघा. तो 1792 साली पॅरिसमध्ये फ्रान्सच्या राजासाठी लढताना मेलेल्या स्विस भाडोत्री सैनिकांचा आहे. परक्यांच्या लढाईत पगारावर मरणं हा या देशाचा जुना धंदा होता. पॅनोरमात याच्या बरोबर उलटं दिसतं: परकं सैन्य दारात आलंय आणि स्विस लोक त्याची हत्यारं काढून घेताहेत.

गोल दालनाच्या मधोमध उभं राहायचं आणि भोवती 112 मीटर लांबीचं एकच सलग चित्र. मूळ उंची 14 मीटरच्या आसपास होती, आता सुमारे 10 उरली आहे. कापलं गेलं ते आभाळ. जिनिव्हाचा चित्रकार एदुआर कास्त्र याने मदतनीस घेऊन 1881 मध्ये हे रंगवलं. तेव्हा नवखा, पुढे नावाजलेला स्विस चित्रकार फर्डिनांड होडलरही त्यात होता. कॅनव्हासच्या पुढ्यात माणसाच्या मापाचे पुतळे आणि सामान मांडलंय, त्यामुळे खरं कुठे संपलं आणि रंग कुठे सुरू झाला ते पटकन कळत नाही.

प्रसंग 1 फेब्रुवारी 1871 चा, ले व्हेरिएर या सरहद्दीवरच्या गावातला. प्रशिया या तेव्हाच्या बलाढ्य जर्मन राज्याने फ्रान्सला हरवलं होतं. 28 जानेवारीच्या युद्धबंदीतून पूर्वेकडचं फ्रेंच सैन्य वगळलं गेलं होतं. सेनापती बुर्बाकीने स्वतःवर गोळी झाडून घेतली (तो वाचला) आणि त्याच्या जागी आलेल्या क्लँशाँपुढे शत्रू किंवा स्विस सरहद्द एवढेच रस्ते उरले. स्विस सेनापती हान्स हर्झोगने त्याच्याशी करार केला: आत या, पण शस्त्रं इथेच टाका. सुमारे 87 हजार माणसं बर्फातून आत आली. रस्त्याकडेला रचलेले बंदुकांचे ढीग नीट पाहा, चित्राचा जीव तिथे आहे. रेडक्रॉसच्या गाडीबरोबर चालणारा माणूस म्हणजे खुद्द कास्त्र. तो त्या मोहिमेत स्वयंसेवक होता.

आता ते ढीग का? तटस्थ देशाला आपली जमीन कुठल्याच बाजूला वापरू देता येत नाही. सैन्य हत्यारांसकट आत घेतलं असतं तर प्रशियाला मागोमाग घुसायला निमित्त मिळालं असतं. सरहद्द बंद ठेवली असती तर हजारो माणसं दारात गोठली असती, शिवाय ती जबरदस्तीने घुसली असती तर थांबवायला हर्झोगकडे फौज तुटपुंजी होती. म्हणून मधला मार्ग: निःशस्त्र करा, युद्धापासून लांब नेऊन ठेवा, पोसा, तह झाला की परत पाठवा आणि खर्च वसूल करा. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या 1907 च्या हेग करारात जवळपास हीच कलमं आली. फ्रान्सने पुढे सुमारे 1 कोटी 20 लाख फ्रँक चुकते केले.

हे नुसतं माणुसकीचं चित्र म्हणून बघून बाहेर पडलात तर अर्धंच पदरात पडलं. तेव्हा जर्मन बोलणाऱ्या स्विस लोकांत अनेकांचा कल प्रशियाकडे, फ्रेंच बोलणाऱ्यांचा फ्रान्सकडे होता. कुठल्याही बाजूला गेलं असतं तर देशच मधोमध फाटला असता. मार्च 1871 मध्ये झुरिकला जर्मन रहिवाशांनी विजयाचा सोहळा केला, तिथे ठेवलेले फ्रेंच अधिकारी आत घुसले आणि शहरात दंगल पेटली. सैनिकांबरोबर देवीची साथही गावोगाव गेली. ही दंगल आणि साथ कॅनव्हासवर नाही, कारण ते नंतर घडलं. निघण्याआधी एवढं वाचून जावं.

हिशेब आजही मिटलेला नाही. युक्रेन युद्धात जर्मनीला स्वित्झर्लंडमध्ये बनलेला दारूगोळा पुढे युक्रेनला पाठवायचा होता; स्विस सरकारने नकार दिला. फिनलंडने 2023 मध्ये आणि स्वीडनने 2024 मध्ये नाटोची वाट धरली, स्विस मात्र जागचे हलले नाहीत. रशियावरचे आर्थिक निर्बंध तेवढे त्यांनी लावले. दारूगोळ्याच्या नकारावर शेजारी चिडले, आणि त्यांचा राग अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

ल्युसर्न स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं, नाहीतर 1 नंबरची बस. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर वेगळं तिकीट लागत नाही. तास-सव्वा तास हाताशी ठेवा, टूरच्या वीस मिनिटांत हे होत नाही. चित्राची एक फेरी झटपट मारा आणि मग सरहद्दीपासून पुन्हा सुरुवात करून सैन्य कुठून कुठे सरकतंय ते धरा. नाहीतर नुसती गर्दी दिसते. बर्फातले मेलेले घोडे लहान मुलांना जड जातात. त्याच इमारतीत शहराचं वाचनालय आणि सिनेमागृहंही आहेत, तेव्हा कंटाळलेल्यांना बाहेर टेकायला सोय आहे.