क्लच वायर बदलून नऊ महिने: पेडलचा प्ले आणि वाचलेले नऊ हजार

गणपतीच्या आधी गोव्याहून परत येताना चोर्ला घाटात गाडीनं दम सोडला. चार माणसं, भरलेली डिकी, दुसरा गिअर. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतंय आणि गाडी मात्र तेवढीच रांगतेय. काच खाली केली तर जळका वास.

मार्चमध्ये जिथं क्लच वायर (पेडलपासून क्लचपर्यंतची तार) नवी घातली, त्याच सर्व्हिस सेंटरनं गाडी चालवूनही न बघता सांगितलं, 'क्लच प्लेट गेली, पूर्ण सेट बदला.' नऊ हजार! चिडून गाडी बेळगावात उद्यमबागेत एका मिस्त्रीमामांकडे नेली. त्यांनी पेडल हातानंच दाबून पाहिलं.

'प्ले कुठाय ह्याला? वायर ताणून ठेवलीय की.'

बोटानं पेडल दाबा. आधी ते हलकं जातं, मग एका जागी जड लागतं. ते हलकं अंतर म्हणजे प्ले. माझ्या गाडीच्या पुस्तकात तो 15 ते 25 मिलिमीटर दिलाय. माझ्याकडे शून्य होता. म्हणजे पेडलवर पाय नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच, क्लच सोडवणारं बेअरिंग सतत टेकलेलं आणि चढावर प्लेट घसरणार. आणि मार्चमध्ये मी ह्याच घट्ट पेडलचं घरी कौतुक करत होतो. मला वाटायचं, झिजलं की सैल होतं. इथं उलटं आहे. प्लेट पातळ होते तशी तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची बोटं (स्प्रिंगच्या पट्ट्या) बेअरिंगकडे सरकतात आणि उरलासुरला प्ले खाऊन टाकतात.

मामांनी गिअरबॉक्सवरच्या लिव्हरपाशी वायरचा नट चार फेरे सैल केला. दहा मिनिटं, शंभर रुपये. त्याच संध्याकाळी वंटमुरी घाट चढून आलो. घसरणं बंद.

नोव्हेंबरात रिव्हर्स करकरायला लागला. मोजलं तर प्ले 35! नवी वायर ताण खाऊन लांबली होती, त्यामुळे क्लच पूर्ण सुटत नव्हता. तेव्हा नट मीच दोन फेरे आवळला. आता दर महिन्याला मुलीची शाळेची पट्टी पेडलशेजारी उभी धरून मोजतो. काल 20 भरला. हायड्रॉलिक क्लचवाल्यांनी मात्र हा नट शोधत बसू नये, तिथं प्लेटची झीज आपोआप भरून निघते.

नट आट्यांच्या टोकापर्यंत सैल करूनही प्ले मिळेनासा झाला, की प्लेट खरोखर संपली. त्या दिवशी नऊ हजार देईन, पण मामांना.