नव्वद किलोंवरच्यांसाठीचा बॉक्सिंग वर्ग : कोथरूडमधील तीन महिन्यांचा अनुभव

पुण्यात कोथरूडमध्ये, डहाणूकर कॉलनीच्या बाजूला, एका इमारतीच्या तळघरात, नव्वद किलोंहून अधिक वजनाच्या पुरुषांसाठी बॉक्सिंगचा स्वतंत्र वर्ग चालतो. प्रशिक्षकांना प्रसिद्धी नको असल्याने वर्गाचे नाव लिहीत नाही. मात्र असा वर्ग निवडताना काय पाहावे, हे सांगणे मला आवश्यक वाटते.

माझे वजन १०६ किलो आणि वय ३८ वर्षे आहे. येथे येण्यापूर्वी मी शहरातील दुसऱ्या एका ठिकाणी पाच महिने शिकत होतो. ‘तुमच्या अंगात एवढं वजन आहे, तुम्हाला ठोसा काय लागणार?’ असे तेथे पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आले आणि त्याच भरवशावर, गार्ड (हातांनी चेहरा झाकून ठेवणे) किंवा पायांची हालचाल नीट न शिकवता, मला स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उतरवण्यात आले. समोर ७४ किलोंचा मुलगा होता. त्याचा डावा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, मला दिसलाच नाही. तो हनुवटीच्या कडेला लागला, आणि त्यानंतरचे आठवते ते एवढेच की गालाला खालची गार मॅट लागत होती आणि कोणीतरी माझ्या तोंडातून माउथगार्ड काढत होते. दोन दिवस डोके दुखत राहिले, तरी चौथ्या दिवशी पुन्हा स्पॅरिंगसाठी बोलावणे आले. मी तिकडे परत गेलो नाही.

नव्या वर्गात हा प्रसंग सांगितल्यावर सर काही क्षण माझ्या मानेकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “साहेब, तुमचं वजन कमरेला आहे आणि ठोसा येतो हनुवटीवर. मधे मान आहे. आधी ती बघू.” पुढील तीन महिन्यांचे सगळे शिक्षण या वाक्यात आले होते, असे आता वाटते.

हनुवटीवर बाजूने बसलेला ठोसा डोके झटक्यात फिरवतो. कवटीच्या आत द्रवात असलेला मेंदू त्या वेगाने फिरू शकत नाही, तो मागे राहतो, ताणला जातो आणि माणसाची शुद्ध हरपते. माणूस ५५ किलोंचा असो वा ११० किलोंचा, मेंदूचे वजन साधारण १.३ ते १.४ किलोच असते. शरीर दुप्पट झाले म्हणून तो दुपटीने सुरक्षित होत नाही. वजनाचा उपयोग होतो तो मान ताठ असेल तेव्हा, कारण मग डोके आणि धड एकसंध हलतात आणि ठोशाला केवळ डोके नव्हे, तर त्यामागचे सारे शरीर हलवावे लागते. मान सैल असेल किंवा ठोसा दिसलाच नसेल, तर १०६ किलो असूनही डोके एकटेच मार खाते. शिवाय हेवीवेटमध्ये, म्हणजे जड वजनगटात, समोरचाही तितकाच जड असतो आणि त्याच्या ठोशामागे त्याचे वजन असते, ही बाजू आपण सहज विसरतो.

इतिहासही हेच सांगतो. १९१९ मध्ये अमेरिकेतील टोलेडो येथे सुमारे १११ किलोंच्या बॉक्सर जेस विलार्डला सुमारे ८५ किलोंच्या जॅक डेम्प्सीने पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडले. जवळपास डेम्प्सीएवढ्याच वजनाचा रॉकी मार्सियानो ४९ लढती जिंकून अपराजित निवृत्त झाला आणि साऱ्या कारकिर्दीत केवळ दोनदा खाली पडला. मला सर्वांत बोलके उदाहरण वाटते ते युक्रेनच्या क्लिच्को बंधूंचे. दोघेही साडेसहा फुटांच्या आसपास उंच आणि सुमारे ११० किलोंचे, एकाच घरात वाढलेले. २००३ मध्ये कॉरी सँडर्सने धाकट्या व्लादिमिरला दोन फेऱ्यांत चार वेळा पाडून हरवले. पुढच्या वर्षी त्याच सँडर्सचे ठोसे थोरल्या विताली यांनी खाल्ले, उभे राहिले आणि आठव्या फेरीत लढत जिंकली. व्यावसायिक कारकिर्दीत विताली कधीच खाली पडले नाहीत. आकाराने सहनशक्ती ठरत असती, तर दोन भावांत एवढा फरक पडलाच नसता.

उलट बाजूही मांडायला हवी. २००९ मध्ये सुमारे ९९ किलोंच्या डेव्हिड हे या बॉक्सरने सुमारे १४३ किलोंच्या निकोलाय वालुएव्हला गुणांवर हरवले, पण पाडू शकला नाही. शेवटच्या फेरीत वालुएव्ह डळमळला, तरी उभा राहिला. म्हणून वजन निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. बिलगून अंगावर रेलल्यावर ते प्रतिस्पर्ध्याला दमवते आणि पोटावरचा मारही काहीसा सोसवते. पण या फायद्याचा मोबदला दमाच्या रूपाने द्यावा लागतो, कारण दमलेल्या माणसाचा गार्ड खाली येतो.

वर्गाची रचना या समजुतीवर उभी आहे. पहिले चार आठवडे स्पॅरिंग पूर्ण बंद असते. पंच्याची चौपदरी घडी कपाळाभोवती धरून जोडीदार हळूहळू ओढतो आणि आपण मान न हलवता दहा सेकंद थोपवायचे. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. पुण्याच्या तालमीत वाढलेल्यांना पैलवानाची मान कशी असते हे सांगायला नको, पण डोक्यावर भार घेऊन मान वाकवण्याचे तालमीतले व्यायाम सर नवशिक्याला करू देत नाहीत आणि ते मला योग्य वाटते. त्यानंतर डोळ्यांचे काम येते : जोडीदार चेहऱ्याच्या दिशेने टेनिसचा चेंडू टाकतो आणि डोळे न मिटता तो हाताने वळवायचा. पहिल्या दिवशी वीसपैकी सतरा वेळा माझे डोळे मिटले होते.

स्पॅरिंगमध्ये १६ औंसांचे ग्लोव्हज सक्तीचे आहेत. ठोसा लागून गरगरले किंवा डोके दुखले, तर स्पॅरिंग तिथेच थांबते आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पुन्हा सुरू होत नाही. हेडगार्डने भुवई फुटण्यापासून संरक्षण मिळते, पण डोके फिरणे त्याने थांबत नाही, हेही येथे स्पष्ट सांगितले जाते.

उणिवा आहेत. तळघरात हवा खेळत नाही. मे महिन्यात दुसऱ्या फेरीनंतर श्वास घेणे कठीण होत होते. मोठ्या डोक्याला बसेल असा हेडगार्ड वर्गात एकच आहे आणि तो घामाने ओला असतानाच पुढच्याला घालावा लागतो, म्हणून स्वतःचा आणणे उत्तम. महिना २,८०० रुपये शुल्क मला योग्य वाटते, परंतु आहाराविषयी मार्गदर्शन जवळजवळ नाही.

गेल्या आठवड्यात सरांनी मला ७८ किलोंच्या, चपळ हातांच्या, या वर्गाबाहेरच्या मुलासमोर उभे केले. तिसऱ्या फेरीत त्याचा डावा हुक पुन्हा आला. या वेळी तो मला खांद्यापासून निघताना दिसला. हनुवटी खाली होती, मान आवळलेली होती. कानशिलावर जोरात लागला, डोळ्यांसमोर क्षणभर पांढरे झाले, पण पाय जागेवरून हलले नाहीत. सरांनी लगेच फेरी थांबवून मला खुर्चीवर बसवले, तारीख आणि वार विचारला आणि त्या दिवशी पुन्हा रिंगमध्ये जाऊ दिले नाही.