दूध साठवायच्या पिशव्या आणि पंप : सहा महिने वापरल्यानंतर

फेब्रुवारीत मुलगी झाली. बँकेची रजा २६ आठवड्यांची, त्यातले दोन आठवडे बाळंतपणाआधीच गेले. म्हणजे जुलैच्या अखेरीला, मुलगी साडेपाच महिन्यांची असताना, मला हजर व्हायचं होतं. घर कराडला, शाखा साताऱ्यात. सकाळी साडेआठला बाहेर पडायचं आणि संध्याकाळी सातला परत. एवढा हिशेब मांडून मे महिन्यात मी दोन वस्तू घेतल्या : अंगावरचं दूध काढायचा, चार्जिंगवर चालणारा दुहेरी पंप, ६,८०० रुपये, आणि ते दूध गोठवून ठेवायच्या पिशव्या, ३० चं पाकीट ४२० रुपये. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण मला आलेल्या बहुतेक अडचणी कुठल्याही कंपनीचा माल घेतला तरी येऊ शकतात.

आधी पंपाबद्दल. डब्यात आलेलं, छातीला लावायचं फनेल २४ मिलिमीटरचं होतं. पहिले दहा दिवस मी दात ओठ खात पंप लावत होते आणि २० मिनिटांत दोन्ही बाजू मिळून जेमतेम ५० मिली निघायचं. मला वाटलं, आपल्याला दूधच कमी. आईंनी (सासूबाईंनी) हळिवाचे लाडू वाढवले. मग स्तनपान समुपदेशक ताईंनी पट्टीने मोजून सांगितलं की मला २१ चं माप लागतं. आत बसवायची रबरी कडी वेगळी मागवली आणि तेवढ्याच वेळात ८५-९० मिली यायला लागलं, दुखणंही थांबलं. फनेलचं माप आधी मोजून घ्या. माझे दहा दिवस आणि बराचसा धीर त्यापायी गेला.

बाकी पंप चांगला. एका चार्जिंगमध्ये चार-पाच वेळा चालतो, दूध उलटं नळीत शिरत नाही, आवाज मिक्सरसारखा नाही. शाखेतल्या जुन्या रेकॉर्डच्या खोलीत मी दिवसातून तीनदा बसते आणि बाहेर काउंटरवर काही ऐकू जात नाही. ऑगस्टच्या अखेरीला ओढ अचानक कमी झाली तेव्हा मोटर गेली असं वाटलं होतं, पण झिजली होती ती छोटी सिलिकॉनची झडप. ती बदलायचीच असते. जादा जोडी पहिल्या दिवसापासून घरात असू द्या.

आता पिशव्यांकडे येते, कारण खरं सांगायचंय ते त्यांच्याबद्दल.

घरी पहिला प्रश्न आला तो असा : "अगं, शिळं दूध पाजायचं बाळाला?" आमच्याकडे लहान मुलाला सकाळची भाकरी संध्याकाळी देत नाहीत, तिथे महिन्यापूर्वीचं दूध. आईंचा राग नव्हता, काळजी होती. मी त्यांना मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या दूधपेढीबद्दल सांगितलं. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी ती १९८९ साली सुरू केली, आशियातली ती पहिली. तिथे दुसऱ्या आयांचं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, गोठवून ठेवतात आणि दिवस न भरलेल्या, किलो-दीड किलोच्या बाळांना देतात. "एवढ्याशा जिवांना चालतं होय," म्हणून त्या गप्प झाल्या. पटलं होतं असं नाही, पण फ्रिजचा वरचा कप्पा त्यांनी स्वतः रिकामा करून दिला.

पहिल्या पाकिटातल्या ३० पैकी ११ पिशव्या वितळताना खालच्या कोपऱ्यातून गळल्या. कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवलेली पिशवी उचलावी तर पाणी पांढरं झालेलं. पहाटे पाचला उठून काढलेलं दूध असं पाण्यात गेलेलं बघताना मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले आहे. त्यात भर म्हणजे पिशवीवरच्या खुणाही खोट्या. सिरिंजने मोजलं तर १०० च्या खुणेपर्यंत प्रत्यक्षात १२० भरलं. पिशवीवरच्या आकड्यावर विश्वासून बाळ किती प्यालं याचा हिशेब ठेवू नका. दुसऱ्या कंपनीच्या पिशव्या आणल्या, दुहेरी झिपच्या, जाड शिवणीच्या, १४ ऐवजी १८ रुपयांना एक. त्यातली आजवर एकही गळली नाही. तरी आता आदल्या रात्रीच पिशवी स्टीलच्या वाटीत घालून खालच्या कप्प्यात ठेवते. गळली तर वाटीत राहील.

भरताना ९० मिलीच भरते. दूध गोठताना फुगतं, म्हणून वर बोटभर जागा सोडते, हवा काढते आणि ताटात आडवी ठेवून चपटी गोठवते. चपटी लवकर वितळते, शिवाय फायलींसारखी उभी रचता येते. जुनी तारीख पुढे, नवी मागे.

आणि जी गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती ती ही. जुलैच्या सुरुवातीला साठवलेलं दूध पहिल्यांदा देऊन पाहिलं. मुलगी बाटली घेत नाही, म्हणून आई बोंडल्याने पाजतात. तिने एक घोट घेतला आणि तोंड फिरवलं. आईंनी वास घेतला, साबणासारखा येत होता. मी अंघोळीला गेले होते तेवढ्यात १४ पैकी ९ पिशव्या त्यांनी मोरीत ओतल्या. त्यांचं चुकलं असं मी अजूनही म्हणत नाही. नासल्यासारखाच वास होता तो, आणि नात त्यांच्या मांडीवर होती.

पण ते नासलेलं नव्हतं. दुधात लायपेज नावाचं विकर असतं, ते दुधातली चरबी फोडत राहतं. काही जणींच्या दुधात त्याचा परिणाम जास्त जाणवतो आणि गोठवलेलं असतानाही काम थोडं चालूच राहतं. बाळाला त्याने अपाय होत नाही, फक्त चव बदलते. उरलेल्या पाच पिशव्या ताज्या दुधात निम्म्या मिसळून दिल्या तर मुलगी प्यायली. त्यानंतर गोठवायचं दूध मी काढल्याबरोबर छोट्या पातेल्यात कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवते, उकळू देत नाही, आणि पातेलं लगेच गार पाण्यात ठेवते. तापवल्याने दुधातलं थोडं चांगलंही कमी होतं, म्हणून ज्यांचं बाळ तसंच पितं त्यांनी हा खटाटोप करू नये. पण साठा करायला लागण्याआधी एकच पिशवी गोठवा, आठ-दहा दिवसांनी वितळवा, बाळाला द्या, आणि मगच पुढचं ठरवा.

साठा कशासाठी, हे मला ऑगस्टमध्ये कळलं. हजर होऊन दोनच आठवडे झाले होते. रोजचं गणित नीट बसलं होतं : आज शाखेत काढलेलं दूध बर्फाच्या पाकिटांच्या डब्यातून घरी आणायचं, ते उद्या बाळाला. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चार दिवस चालतं, शुक्रवारचं सोमवारी जातं, गोठवलेल्याला हात लावायची वेळच येत नव्हती. मग एका रविवारी रात्री पोटात कळ आली. अपेंडिक्स. सोमवारी सकाळी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, बुधवारी दुपारी घरी. भूल उतरून नीट जाग आली की पाजायला हरकत नाही असं भूलतज्ज्ञांनी सांगितलं होतं, पण वॉर्डात बाळाला आणू देत नव्हते.

उष्टावण आठ दिवसांवर होती. म्हणजे मुलगी पूर्ण दुधावर, पाण्याचा घोटसुद्धा नाही. फ्रीझरमध्ये २६ पिशव्या होत्या. १९ लागल्या. शिवाय माझ्या मिस्टरांनी पंप दवाखान्यात आणून दिला, त्यावर मी काढलेल्या तीन बाटल्या बर्फाच्या डब्यातून घरी गेल्या. पंप नसता तर टाके एकीकडे आणि दाटलेल्या छातीच्या गाठी दुसरीकडे, असं झालं असतं. रात्री दोनला मिस्टरांना फोन केला तर मागे आईंचा आवाज, "पाच तारखेची संपली, आता सहाची काढ." मी उशीत तोंड खुपसून झोपले, आणि खरंच झोप लागली.

म्हणून कुणी विचारलं की पिशव्या घ्याव्यात का, तर माझं उत्तर नोकरीपासून सुरू होत नाही. नोकरीचं दूध रोजच्या रोज निघतं आणि ताजं दिलेलंच बरं. गोठवलेलं असतं ते आईच उपलब्ध नसेल त्या दोन-तीन दिवसांसाठी. एवढ्या मोठ्या बाळाला दिवसाला साधारण ७५० मिली लागतं, त्या हिशेबाने २५-३० पिशव्या पुरतात. मोबाइलवर दिसतात तसे शंभर-दोनशे पिशव्यांचे कप्पे भरायच्या मागे लागू नका. माझी मावसबहीण लागली होती. बाळ प्यायल्यावर पुन्हा दोनदा पंप, आणि त्या जादा दुधाने दोनदा गाठी होऊन ताप. पहाटेच्या पहिल्या पाजण्यानंतर एकदा, दुसऱ्या बाजूचं, एवढंच मी करते. त्या वेळी दूध सर्वांत जास्त असतं.

फ्रिजबद्दलही विचार करा. आमचा दोन दारांचा, वर वेगळा फ्रीझर, त्यामुळे सहा महिने ठेवायला हरकत नाही. एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्यात तेवढी थंडी नसते, तिथे दोन आठवड्यांच्या वर मी ठेवणार नाही. जुलैत एकदा झाड पडून नऊ तास वीज नव्हती. फ्रीझरमध्ये मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या होत्या, दाराला चिकटपट्टी लावली आणि कुणालाही उघडू दिलं नाही. पिशव्या दगडासारख्या राहिल्या. एकदा पूर्ण वितळलेलं दूध मात्र पुन्हा गोठवायचं नाही, २४ तासांत संपवायचं. मायक्रोवेव्ह तर नाहीच.

सध्या मुलगी नाचणीची पेज, वरणभात खाते, दूध दुपारी एकदाच लागतं. फ्रीझरमध्ये १२ पिशव्या आहेत. त्यांच्यावर तारीख आई घालतात, मार्करने, ठळक, मराठी आकड्यांत. पंप अजून चालू आहे. पिशव्यांचं पुढचं पाकीट मी त्याच १८ रुपयेवाल्या कंपनीचं मागवलंय.