दवाखान्याच्या खाटा सरकारला विकायच्या तर कुठून? दरपत्रक, जेम, महाटेंडर आणि मोठ्या ठेकेदाराचं काम

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये चौदा माणसं काम करतात. पाइप वाकवून, वेल्डिंग करून, पावडर कोटिंग देऊन आम्ही दवाखान्याच्या खाटा, सलाईन स्टँड, स्ट्रेचर ट्रॉली, बेडसाइड लॉकर बनवतो. महिन्यातून एखादा तरी ओळखीचा फॅब्रिकेटर विचारतो, "दादा, सरकारी काम धरू का? आणि धरलं तर कुठून?" १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. ९ ऑक्टोबर २०२४ला जालना, हिंगोली, वाशीम, गडचिरोली, भंडारा अशा दहा ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं एकदम उद्घाटन झालं. तेव्हापासून हा प्रश्न जास्त कानावर येतो.

वाटा चार: दरपत्रक, जेम, महाटेंडर आणि मोठ्या ठेकेदाराखालचं काम. मी चारही वाटांनी माल दिला आहे. बहुतेक जण या वाटा दरावर तोलतात. माझं सांगणं आहे, वाटा दिवसांवर तोला. माल गाडीत चढल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंत किती दिवस कळ काढता येईल, ते आधी ठरवा. दहा लाखांची ऑर्डर धरू. पाइप, पत्रा, चाकं, कोटिंग, मजुरी मिळून सात लाख आपले आधी जातात. बँकेची सीसी, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, १२ टक्क्यांची असेल तर त्याचं व्याज महिन्याला सात हजार. सगळा खर्च जाऊन ८० हजार सुटणार असतील आणि बिल सहा महिने अडकलं, तर त्यातले ४२ हजार बँकेला गेले. हा हिशेब वहीत मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दरपत्रक: लहान काम, जवळचं गिऱ्हाईक

ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, सिव्हिल हॉस्पिटल यांची छोटी खरेदी तीन दरपत्रकं, म्हणजे कोटेशन, मागवून होते. राज्याच्या १ डिसेंबर २०१६च्या खरेदी नियमपुस्तिकेत याची सीमा तीन लाखांची होती. चालू आकडा त्या कार्यालयाच्या लेखा शाखेत विचारून घ्या. पैसा रुग्ण कल्याण समितीचा असतो, नाहीतर जिल्हा नियोजनचा. ऑर्डर दहा खाटांची किंवा वीस स्टँडची. अनामतीची, म्हणजे निविदा भरताना ठेवायच्या रकमेची, कटकट नसते आणि अनुभवाचे दाखले कोणी मागत नाही.

फायदा असा की माल देताना वॉर्डच्या सिस्टर भेटतात. खाटेची उशाकडची बाजू वर करायचं हँडल कुठे असावं, हे मला एका तालुक्याच्या सिस्टरनी शिकवलं. ते आजही आमच्या प्रत्येक खाटेला तिथेच असतं. तोटा मार्चचा. फेब्रुवारीपर्यंत शांतता असते आणि शेवटच्या पंधरा दिवसांत सगळ्यांना माल हवा असतो. ३१ मार्चच्या आत देयक कोषागारात पोचलं नाही तर अनुदान परत जातं आणि तुम्ही पुढच्या तरतुदीची वाट पाहत बसता. तोंडी सांगण्यावर गाडी भरू नका. जावक क्रमांकाचा पुरवठा आदेश हातात असेल तरच माल काढा, समोरचा माणूस कितीही चांगला असला तरी.

जेम: इथे जास्त थांबायला हवं

जेम म्हणजे गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस. सरकारी खरेदीचं केंद्राचं हे पोर्टल ऑगस्ट २०१६पासून चालतं. नागपूरचं एम्स, ईएसआयसीची रुग्णालयं, रेल्वे, सैन्यदलं इथून घेतात आणि राज्याची कार्यालयंही घेतात. लहान उत्पादकासाठी कायद्याचं बळ सगळ्यात जास्त याच वाटेवर आहे, पण ते पुरतं समजून घेणारे थोडे.

केंद्राचा सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा खरेदी आदेश २०१२चा आहे. केंद्रीय खाती आणि उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के भाग लहान उद्योगांकडून घ्यायचा, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. निविदेची अनामत माफ. समजा ४०० खाटांच्या बिडमध्ये, म्हणजे जेमवरच्या निविदेत, एका मोठ्या कंपनीचा सर्वांत कमी दर १०,००० आला आणि तुमचा ११,४०० आहे. तुम्ही तिच्या १५ टक्क्यांच्या आत आहात. म्हणून १०,०००वर यायला तयार असाल तर किमान २५ टक्के, म्हणजे १०० खाटा, तुम्हाला मिळू शकतात. सर्वांत कमी दर दुसऱ्या लहान उद्योगाचाच असेल तर मात्र हे लागू होत नाही. आणि १०,०००ला खाट परवडते का, हे बिड भरण्याआधी माहीत हवं. फोन आल्यावर गणित करायला बसलात तर घाईत हो म्हणून बसाल.

हे सगळं उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे, व्यापाऱ्याला नाही. जुलै २०२१पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्राकडची लहान उद्योगाची नोंदणी, मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. तयार खाटा आणून विकणाऱ्याने उद्यम प्रमाणपत्राच्या जोरावर अनामत टाळली तर बिड बाद होतं. माझ्या डोळ्यांसमोर दोघांचं झालं आहे.

अनामत माफ असली तरी काम मिळाल्यावरची सुरक्षा ठेव माफ नाही. ती साधारण ३ ते ५ टक्के असते, आणि केंद्राच्या नियमाप्रमाणे हमीचा काळ संपून वर साठ दिवस ती चालू ठेवावी लागते. तीन वर्षांच्या हमीची खाट दिलीत की तुमची एफडी तीन वर्षं दोन महिने बँकेत अडकली. उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का दंड, १० टक्क्यांपर्यंत.

दरात जीएसटी आणि पोच दोन्ही धरलेलं असतं. एका बिडमध्ये बारा ठिकाणं असली आणि त्यात धारणी, अक्कलकुवा, भामरागड असलं, तर गाडीभाडं खाटेच्या नफ्याहून मोठं होतं. ठिकाणांची यादी दराच्या आधी वाचा.

पैशाचं काय? नियमाप्रमाणे माल स्वीकारल्याचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे क्रॅक म्हणतात, ते निघाल्यापासून दहा दिवसांत पैसे यायला हवेत. अडतं ते क्रॅकवरच. एका रुग्णालयात आमच्या २४ खाटा लागल्या, त्यांवर रुग्णही आले, पण सही करणाऱ्या अधिकाऱ्यांची बदली झाली आणि चार महिने कागद तसाच राहिला. तेव्हापासून आमचा माणूस खाटा जोडून, फोटो काढून, त्याच दिवशी जोडणीच्या कागदावर सही घेऊनच निघतो. संध्याकाळ झाली तर मुक्काम करतो.

महाटेंडर: मोठा आकडा, तेवढीच मोठी जोखीम

महाटेंडर म्हणजे राज्याचं ऑनलाइन निविदांचं पोर्टल. राज्याची औषधं आणि उपकरणांची खरेदी २०१७पासून हाफकिन महामंडळाकडे होती. २०२३च्या कायद्याने ती महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे गेली. महापालिका आणि जिल्हा परिषदा आपापल्या निविदा काढतात. दोन लिफाफे असतात, आधी तांत्रिक, मग आर्थिक. केंद्राचा २०१२चा आदेश राज्याला आणि महापालिकेला आपोआप बांधत नाही. त्यामुळे अनामतीची सूट आहे का, उलाढालीची अट किती, हे प्रत्येक निविदेत नव्याने पाहावं लागतं. 'मी लघुउद्योग आहे' एवढं इथे पुरत नाही.

लहान युनिट बहुधा उलाढालीच्या अटीवरच बाद होतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. साध्या स्टीलच्या खाटेला राज्यभर एकच ठेका आणि त्याला कोटींच्या उलाढालीची अट लावली, की प्रत्येक जिल्ह्यातले खाट बनवणारे बाहेर राहतात, आणि खाटेचं चाक तुटलं तर दुरुस्तीला माणूस दोनशे किलोमीटरवरून येतो. यावर एक उपाय हातात असतो, तो म्हणजे निविदापूर्व बैठक. जिल्हानिहाय भाग करा, वैशिष्ट्यांत एकाच कंपनीला जुळणारं माप आहे ते सैल करा, असं कारणांसह लेखी द्या. आम्ही तीनदा दिलं, एकदा शुद्धिपत्रक निघालं. त्या एका कागदाने आम्हाला साठ खाटांचं काम दिलं.

मोठ्या ठेकेदाराखाली

नवी इमारत उभी राहते तेव्हा फर्निचरसकट सगळं काम एका कंपनीकडे जातं आणि ती खाली वाटते. इथे पोर्टल नाही, अनामत नाही, अनुभवाची अट नाही. दर पडेल असतो आणि खाटेवर नाव त्यांचं लागतं. तरी मी ही वाट टाकाऊ म्हणणार नाही. निम्मा आगाऊ, उरलेला माल उचलताना, असं लेखी मिळालं तर चारही वाटांत लवकर पैसे देणारी हीच. 'सरकारकडून आले की देतो' अशी अट असेल तर मात्र सरकारचा उशीर तुमच्या डोक्यावर येतो आणि पुढच्या अनुभवाचा दाखला तर तुमच्या नावावर नसतोच.

उशिराबद्दल कायदा आहे. २००६च्या एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांची कमाल मुदत आहे आणि त्यानंतर बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. दावा राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जातो. समोरच्याला निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर आधी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. सरकारी खरेदीदारालाही हे लागू आहे. उद्यम नोंदणी मात्र ऑर्डरच्या आधीची ठेवा.

मग कोणी काय धरावं

सीसी भरत आलेली असेल तर यंदा दरपत्रकं आणि आगाऊ रक्कम देणारा ठेकेदार, एवढंच. पाच-सहा लाख सहा महिने अडकले तरी पगार होणार असतील तर जेमवर उतरा, आधी आपल्या आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या ठिकाणांपुरतं. तीन वर्षांचे पुरवठा आदेश आणि माल मिळाल्याचे दाखले फायलीत जमले की महाटेंडरकडे वळा. त्याआधी भरलेलं प्रत्येक टेंडर म्हणजे सीए आणि डिजिटल सहीवरचा खर्च.

जेमचं बिड उघडलंत की दराकडे जाऊ नका. पहिल्या पानावर लघुउद्योगांना अनुभव आणि उलाढालीत सूट आहे का, याचं हो किंवा नाही लिहिलेलं असतं. 'नाही' असेल आणि तुमचं युनिट दोन वर्षांचं असेल, तर ते बिड तिथेच बंद करा आणि पुढचं उघडा.