सात महिने सुया आणि कप: माझ्या कंबरेचा हिशेब

"सुया टोचून घेणार? वेड लागलंय का तुला?" असं म्हणणाऱ्या नणंदेनंच परवा पत्ता मागितला. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

बँकेत काउंटरवर बावीस वर्षं बसले. कंबरेची एक गादी थोडी सरकलेली, उजव्या पोटरीपर्यंत कळ. हाडांचे डॉक्टर म्हणाले ऑपरेशन नको, व्यायाम करा. तो मी केला नाही, खोटं कशाला बोलू.

मग सुयांचा उपचार, म्हणजे ॲक्युपंक्चर, करून बघायचं ठरवलं. पहिल्या ठिकाणी नाडी बघून तीस बैठकांचे पैसे आगाऊ मागितले आणि बीपीची गोळी बंद करायला सांगितली. तिथूनच परतले. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे, नोंदणी होते. दुसऱ्या ठिकाणी आधी नोंदणीच विचारली. तिथल्या उपचार करणाऱ्या बाईंनी राग न मानता भिंतीकडे बोट दाखवलं.

सुईला मी उगाच भ्यायले होते. ती जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची आणि भरीव असते. नळीतून टिचकी मारून आत घालतात, मुंगी चावल्याइतकंच लागतं. खरी गंमत नंतर. सुई हलकेच फिरवली की आत खोलवर जडपणा येतो, कुणीतरी स्नायू ओढून धरल्यासारखा. चिनी लोक याला 'दे छी' म्हणतात. गुडघ्यामागच्या खळग्यात सुई गेली तेव्हा टाचेपर्यंत झिणझिण्या गेल्या. मग सुयांना चिमटे लावून बारीक करंट देतात आणि पोटरी आपली आपण टकटक उडत राहते. वीस-पंचवीस मिनिटं पालथं पडायचं. सुया एकदाच वापरायच्या, पाकीट आपल्यासमोर फोडतात का ते बघा. एकदा मी उपाशीपोटी गेले आणि घेरी आली. दोष माझाच.

पहिल्या तीन बैठकांत फरक शून्य. चौथीनंतर त्या रात्री सलग झोप लागली, कितीतरी महिन्यांनी. बाराव्या बैठकीपर्यंत दुखणं दहात सातवरून चारवर आलं आणि तिथंच अडलं. चाराचं दोन झालं ते अखेर व्यायाम सुरू केल्यावर.

आता कप. आजीच्या भाषेत तुंबडी. (आपली तुंबडी भरणारेही या धंद्यात आहेत, पण ते असो.) पूर्वी शिंग किंवा भोपळा लावत, आता प्लास्टिकचे कप आणि हातपंप. कातडी आत ओढली जाते तेव्हा ताण जाणवतो, पण खांदे मोकळे होतात. माझ्या बाबतीत ते सुख दोन दिवसांचं. डाग मात्र दहा दिवस. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या अंगावर दिसले होते तसेच, जांभळे गोल. आई घाबरून म्हणाली, "कुणी मारलं का गं?" डाग जितका काळा तितकं विष बाहेर, असं सांगतात ते खरं नाही, कातडीखालच्या केशवाहिन्या फुटतात इतकंच. चिरा देऊन रक्त काढायचा प्रकार मी घेतला नाही.

सोलापूरची असल्यामुळे हे सुयांचं तंत्र डॉक्टर कोटणीसांनी चीनहून आणलं असं मी लहानपणापासून ऐकत आले. तसं नाही. 1938 मध्ये चीनला गेलेल्या त्यांच्या वैद्यकीय पथकातले डॉक्टर बिजोय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ते शिकून आले.

याचं शास्त्र किती पक्कं? खऱ्या आणि खोट्या (नुसता टोचल्याचा भास देणाऱ्या) सुयांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत फरक लहानच निघतो. 2016 मध्ये कुठले उपचार द्यावेत ते सांगणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं कंबरदुखीसाठी सुया नकोत म्हटलं. पुढच्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं जुनाट कंबरदुखीत गोळ्यांआधी करून बघायच्या उपायांत त्यांचं नाव घातलं. माझी कंबर या दोघांच्या मधे कुठंतरी आहे. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र सुया नाहीत, थेट इस्पितळ.

एका बैठकीचे सहाशे रुपये मोजले. आता महिन्यातून एकदा जाते, तेही मानेसाठी. कप बंद केले.

नणंदेला पत्ता दिलाय. तिला मधुमेह आहे आणि रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे. ते दोन्ही बाईंना आधी सांग म्हटलं, आणि पोहे खाऊन जा.